हिवरगावकरांची तुटक रेघ

“वंशावळ म्हणजे काय?” डॉ. पाटण्यांनी विचारलं, आणि उत्तर दुसरं कुणी देईल या भीतीने घाईघाईने स्वतःच दिलं, “वंशावळ म्हणजे शिस्त!”

समोर बसलेल्या तमाम हिवरगावकरांनी टाळ्या वाजवल्या. शिस्तीला टाळ्या वाजवण्यात आमचं घराणं कधीच मागे नव्हतं. पाळायची वेळ आली की मात्र जो तो दुसऱ्याला पुढे जाऊ देई.

मिरजेतलं मंगल कार्यालय होतं ते. आदल्या दिवशीच्या लग्नाचं मखर व्यासपीठावर तसंच उभं होतं आणि त्याच्या कपाळावर आमचा कापडी फलक बांधला होता : ‘हिवरगावकर कुलमंडळ, कुलवृत्तांत संशोधक प्रशिक्षण शिबिर’. पुण्याहून खास बोलावलेले डॉ. सुरेंद्र पाटणे, वंशेतिहासाचे तज्ज्ञ, बरोबर मखराच्या मध्यावर उभे होते. नवरी तेवढी यायची राहिली होती.

या सगळ्यामागे होते भाऊकाका. माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ आणि कुलमंडळाचे तहहयात अध्यक्ष. तहहयात अशासाठी, की निवडणूक घ्यायची तर ती जाहीर करायचा अधिकारही अध्यक्षांकडेच होता. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं त्यांनी ठरवलं होतं. गावोगावच्या हिवरगावकरांची माहिती गोळा करायला प्रत्येक गावातून एकेक माणूस निवडला होता, आणि त्या माणसांनी वाटेल ते लिहून आणू नये म्हणून हे शिबिर.

मला बोलावणं आलं होतं ते वेगळ्या कारणाने. मी कराडला पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात आरेखक होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढणं हे माझं काम. भाऊकाकांचा फोन आला, “रेवती, पुस्तकातले वंशवृक्षाचे सगळे तक्ते तूच काढायचेस. घरचंच कार्य आहे.” आमच्याकडे ‘घरचंच कार्य’ म्हटलं की राबणाऱ्याने आभारसुद्धा स्वतःच मानून घ्यायचे असतात. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. त्या घरात एखाद्या कार्याला माझ्यावाचून अडतंय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

कारण मी दत्तक. लपवाछपवीचं काही नव्हतं. मला कळायला लागल्यापासून ते ठाऊक होतं. आईने ते गोष्टीसारखं सांगितलं होतं, अप्पांनी वेळापत्रकासारखं. अप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कराडच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे घरातही ते बोलत नसत, पुकारत. “रेवती, तुला आम्ही साताऱ्याच्या संस्थेतून आणलं. तू तीन महिन्यांची होतीस. आता जेवायला बस.” एवढंच. पुढे आई गेली, आणि गोष्टीसारखं सांगणारं कुणी उरलं नाही.

शिबिराच्या सुमारास अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी धूळ, ऊन आणि त्रागा वर्ज्य सांगितला होता. कुलमंडळाच्या सभेत तिन्ही भरपूर मिळतात हे माहीत असूनही अप्पा डोळ्यावरच्या पट्टीवर हिरवा चष्मा चढवून माझ्याबरोबर आले आणि शेवटच्या रांगेत पंख्याखाली जाऊन बसले.

“तुम्ही कशाला येताय?” मी निघतानाच विचारलं होतं.

“बघायला,” ते म्हणाले. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाशी यावर काय वाद घालणार?

उद्घाटनाचं भाषण भाऊकाकांचं. त्यात ते दर वर्षी एक कथा सांगत आणि दर वर्षी त्यांचा आवाज त्याच जागी भरून येई. मूळ पुरुष रखमाजीपंत. त्यांचे चिरंजीव त्रिंबकपंत निपुत्रिक. घराणं बुडणार! तेव्हा त्रिंबकपंतांनी सासुरवाडीचा एक मुलगा दत्तक घेतला, घोड्यावर पुढ्यात बसवून हिवरगावात आणला, आणि त्या मुलापासून पुढचा एवढा विस्तार झाला. “तो घोडा हिवरगावच्या वेशीत शिरला नसता,” भाऊकाका म्हणाले, “तर आज या सभागृहात एकही खुर्ची भरली नसती!” इथे आवाज भरून आला. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या जयंतदादाने, म्हणजे भाऊकाकांच्या तिसऱ्या मुलाने, माईक हातात घेऊन वडिलांच्या ‘ओघवत्या वाणी’चे आभार मानले. हाही दर वर्षीचाच भाग.

मग डॉक्टर पाटणे सुरू झाले. माणूस जाणकार होता हे मात्र कबूल करायला हवं. उगीच नावं ठेवायची म्हणून खोटं कशाला बोलू?

“म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका,” ते म्हणाले. “साल विचारलं की तो आठवायला लागतो, आठवलं नाही की बनवतो. त्यापेक्षा विचारा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठल्या घरात होता? मग बघा, घर, माणसं, गुरंढोरं सगळी आपोआप बाहेर येतात.”

मी ते लिहून घेतलं. पुढचंही लिहून घेतलं : “एकाने सांगितली ती कथा. दोघांनी थोडी वेगवेगळी सांगितली की दुजोरा. सगळ्यांनी शब्दाला शब्द सारखीच सांगितली, तर समजा, कुणीतरी पाठ करून घेतलीय.” यावर भाऊकाका खोकले.

नंतर प्रात्यक्षिक. जोड्या पाडल्या, एकाने वडीलधाऱ्याची मुलाखत घ्यायची. आमच्या शेजारच्या जोडीत पुतण्याने काकांना कोयनेच्या भूकंपात कुठल्या घरात होता म्हणून विचारलं. काका म्हणाले, “ज्या घरातून तुझ्या बापाने मला नंतर बाहेर काढलं, त्या घरात.” पुढची मुलाखत दोघांचे आवाज चढल्यामुळे सगळ्यांनाच ऐकायला मिळाली. डॉक्टर म्हणाले, “उत्तम! असं मोकळं व्हायला हवं.”

शंकासमाधानात शंका एकच होती, आणि ती सगळ्यांना होती : आपल्या घराण्यात कुणी सरदार होते का? डॉक्टरांनी पहिल्यांदा “पुरावा लागेल” असं सांगितलं, नंतर “शक्यता नाकारता येत नाही” असं सांगितलं, आणि शेवटी सभेचा उत्साह बघून “असावेत” असं सांगून टाकलं. तज्ज्ञालाही जेवायला वेळेवर जायचं असतं.

पण जेवणाआधी शेवटचं व्याख्यान होतं खुणांचं. हे माझ्यासाठी. डॉक्टरांनी प्रोजेक्टरवर एक पारदर्शक कागद ठेवला. विवाहाला जोडरेघ. अकाली मृत्यूला फुली. आणि मग, “रक्ताचं नातं, अखंड रेघ. दत्तक असेल तर तुटक रेघ. लक्षात ठेवा, हे शास्त्र आहे. यात भावना आणायच्या नाहीत.”

पहिल्या रांगेत भाऊकाकांनी मान डोलावली, आवश्यकतेपेक्षा जरा जास्त वेळ.

मी वहीत रेघ काढली. आमच्या खात्यात तुटक रेघेचा अर्थ ‘प्रस्तावित’. म्हणजे कालवा मंजूर झालाय, अजून झालेला नाही आणि बहुधा होणारही नाही. मी असले किती कालवे काढले होते! आता माझ्या नावावर तशी एक रेघ मीच काढायची होती. हसू आलं. मग लक्षात आलं, की ते हसू नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

पंगतीत अप्पांच्या शेजारी बसले. “तुटक तर तुटक,” मी म्हटलं. “काय फरक पडतो?”

“मठ्ठा पातळ आहे,” अप्पा म्हणाले.

जेवणानंतर अर्धी सभा पेंगत होती. व्यासपीठावर मोठा पांढरा कागद ताणून लावला. मी मार्कर आणि लांब पट्टी घेऊन उभी राहिले. डॉक्टर खुणा सांगणार, भाऊकाका नावं सांगणार आणि मी काढणार, असा नमुना तक्ता करायचा होता. वर लिहिलं : रखमाजीपंत. अखंड रेघ. खाली त्रिंबकपंत.

“पुढे?” डॉक्टर म्हणाले.

“पुढे दत्तकपुत्र महादेवराव,” भाऊकाका भरल्या आवाजाने म्हणाले.

मी तुटक रेघ काढली.

देवाशपथ सांगते, त्यात माझा काही डाव नव्हता. आमच्या कामात सांगितलेल्या खुणेबद्दल विचार करायचा नसतो; विचार करणाऱ्या आरेखकाचा कालवा डोंगरावर चढतो. दत्तक म्हणाले, तुटक काढली. खाली महादेवराव लिहिलं, त्यांचे चार मुलगे, चार शाखा, मिरज, कराड, वाई, पंढरपूर, अखंड रेघांनी वडिलांच्या पिढीपर्यंत पसरत नेल्या. मग नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागे आले, तेव्हा मला ते दिसलं. सभागृहालाही माझ्याबरोबरच दिसलं असावं, कारण पेंगणारे लोक खुर्चीत सरळ झाले. सबंध हिवरगावकर कुळ, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि संभाव्य सरदारांसकट, त्या तुटक रेघेला लोंबकळत होतं.

“तिथे तुटक कशी?” मिरजेचे कुणीतरी ओरडले.

“शास्त्राप्रमाणे...” डॉक्टरांनी सुरुवात केली.

“कसलं शास्त्र? सगळं घराणं बाटवलं की!”

“रेवती, ते पूस,” भाऊकाका म्हणाले.

“मार्कर आहे, भाऊकाका. पुसलं जात नाही.”

भाऊकाकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या नजरेत येण्याजाण्याची व्यवस्था, मानाची शाल आणि मंडळाचं निमंत्रणपत्र सगळं होतं. डॉक्टरांनी घसा साफ केला. “अपवाद असतात,” ते म्हणाले. “वंश चालवण्यासाठी विधिपूर्वक घेतलेला दत्तकपुत्र औरसच मानावा असाही एक विचार आहे. तेव्हा त्याला अखंड रेघ. बाकीच्यांना तुटक.”

सगळ्यांना हायसं वाटलं. शास्त्र सुटसुटीत झालं होतं. बाकीचे म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि ते इतकं निश्चयाने, की मी कुठे उभी आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं.

“बाकीचे म्हणजे कोण?”

शेवटच्या रांगेतून आवाज आला. अप्पा उभे होते. त्यांना माईक लागत नसे.

“प्रभाकर, बस,” भाऊकाका म्हणाले.

“नाव घेऊन सांग, भाऊ. बाकीचे म्हणजे कोण?”

“तुला कळतंय मी काय म्हणतो ते. महादेवरावांचं विधिपूर्वक होतं. मंत्र झाले, होम झाला.”

“आमचंही विधिपूर्वकच आहे. होम एका सकाळचा असतो. कोर्टाचे खेटे मी दोन पावसाळे घातले.”

“ते वंशासाठी होतं!”

“आणि हे?”

“हे तुझ्या हट्टासाठी!” भाऊकाकांचा आवाज पुन्हा भरून आला, पण या वेळी वेगळ्या जागी. “घरातलं पोर देत होतो तुझ्या ओटीत. माझं स्वतःचं पोर! सगळी तयारी झाली, चार माणसं जमली, आणि तू पाठ फिरवलीस. माझं नको, आणि कुणाचं कोण ते आणून ठेवलंस घरात. तो अपमान मी गिळला. आता रेघेसाठी भांडतोस?”

मी अप्पांकडे पाहत राहिले. हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

“कुठलं पोर, भाऊ?”

विचारत होता जयंतदादा; माईक त्याच्या हातात तसाच होता. ते तीन शब्द सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून आले. त्याने माईक खाली केला आणि पुन्हा हळू आवाजात विचारलं, “कुठलं? मी?”

भाऊकाकांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे तपासून पाहिलं.

“जुनी गोष्ट आहे, जयंत,” अप्पा म्हणाले. “सोड.” आणि खाली बसले. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या पुकारल्या, त्याचा आवाज तेव्हा मला जेमतेम ऐकू आला.

बायकांच्या खुर्च्यांकडून इंदुकाकू उठल्या. भाऊकाकांच्या पत्नी. सकाळपासून त्या हळदीकुंकू आणि वाटीभर साखर घेऊन दाराशी होत्या. कुलमंडळात बायकांचं एवढंच खातं होतं. सभेत त्यांना बोलताना कुणीही ऐकलं नव्हतं. त्या पुढे आल्या. माईक त्यांनी घेतला नाही. जयंतदादाकडे बघूनच बोलल्या.

“मला कुणी विचारलं नव्हतं रे. सकाळी म्हणाले, धाकट्याला न्हाऊ घाल. घातलं. नवं झबलं घाल म्हणाले. घातलं. मला वाटलं, आता सांगतील, मग सांगतील. तोवर माणसं जमली. मी माजघराच्या दारात उभी होते, चौकट धरून. प्रभाकरभावजींनी तुला उचललं. निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘भाऊ, ह्याच्या अंगात ताप आहे. आज नको.’ तुला माझ्याकडे दिलं आणि चपला घालून चालायला लागले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आता नकोच म्हणून.”

“होता ताप?” डॉक्टरांनी विचारलं. पुरावा मागायची सवय.

“नव्हता.”

“होता थोडा,” मागून अप्पा म्हणाले. “हाताला लागला.”

इंदुकाकू पायऱ्या चढून व्यासपीठावर आल्या. गुडघे दुखत होते, म्हणून मखराच्या खांबाला धरून आल्या. कागदाजवळ उभ्या राहून त्यांनी विचारलं, “भावजी कुठे आहेत यात?”

मी कराडच्या शाखेत बोट दाखवलं. तिथे ‘प्रभाकर’ लिहून झालं होतं. काकूंनी खाली मोकळ्या जागेवर हात ठेवला.

“इथे हिचं नाव लिही.”

“काकू, मी...”

“लिही गं.”

मी लिहिलं : रेवती. शाळेत पहिल्यांदा लिहिताना जसं निघालं असेल तसं निघालं. काकूंनी माझ्या हातातून मार्कर घेतला. पट्टी पुढे केली ती त्यांनी घेतली नाही. ‘प्रभाकर’च्या पायापासून त्यांनी रेघ काढायला सुरुवात केली. मध्यावर रेघ डावीकडे सुटली, तिथे थांबली, पुन्हा वळली, आणि कुठेही न तुटता माझ्या नावाच्या डोक्यावर येऊन टेकली.

“ही चालते का तुमच्या शास्त्रात?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर पाटण्यांनी कागदाजवळ येऊन रेघ पाहिली. “अशी खूण नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण राहू दे.” दिवसभरात त्यांनी पुराव्याशिवाय मान्य केलेली ही दुसरी गोष्ट. सरदारांपेक्षा ही मला जास्त पटली.

भाऊकाकांनी चहा सांगितला. आणीबाणीच्या प्रसंगी त्यांची निर्णयशक्ती विलक्षण होती.

संध्याकाळी जयंतदादा आम्हाला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागल्यावर त्याने अप्पांची पिशवी वर चढवली, त्यांना खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

“काका, खरंच नव्हता ना ताप?”

“मी काय डॉक्टर आहे?” अप्पा खेकसले. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी त्याच्या कपाळाला लावला. “आता नाहीये. जा घरी. आई वाट बघत असेल.”

गाडी सुटल्यावर मी म्हटलं, “मला कधी सांगितलं नाहीत.”

“सांगायचं काय त्यात? त्याला आई होती. तुला नव्हती.” हिरव्या चष्म्याआडून ते बाहेर बघत होते. “तुझी आई घरी पाळणा बांधून बसली होती. हात हलवत गेलो, तर तिने पाळणा सोडला नाही. म्हणाली, बघा दुसरीकडे. बघितलं.” मग म्हणाले, “अंगाला ताप नव्हता तुझ्या. आधी तेच पाहिलं.”

पुढे कुलवृत्तांत छापून झाला. खुणांचा नियम कुलमंडळाने ठराव करून बदलला : सर्वांना अखंड रेघ. ठराव भाऊकाकांनी मांडला आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत ‘आमच्या कुळाची पहिल्यापासूनची उदार परंपरा’ असा त्याचा उल्लेखही केला. ते वाचताना त्यांचा आवाज भरून येत असे म्हणतात. सरदारही पुस्तकात आहेत, ‘असावेत’ या शब्दासकट.

तक्ते सगळे मी काढले. पट्टी लावून, शाईच्या पेनने, एकेक रेघ तारेसारखी. फक्त कराड शाखेच्या पानावर एका रेघेला मी पट्टी लावली नाही. मिरजेचा तो मोठा कागद गुंडाळून आणला होता. भिंगाखाली बघून काकूंची रेघ लहान करून उतरवली, जिथे सुटली होती तिथे सुटू दिली, जिथे थांबली होती तिथे शाईचा ठिपकाही राहू दिला.

अप्पा आता नाहीत. काकू नाहीत, भाऊकाकाही नाहीत. पुस्तक मात्र घरोघर आहे, आणि अजूनही वर्षा-दोन वर्षांनी कुठल्यातरी चोखंदळ हिवरगावकराचा फोन येतो, की तुमच्याच पानावर छपाईची एक चूक राहून गेलीय, रेघ वाकडी आलीय, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून घ्या.

मी त्यांचे आभार मानते.